वेडर कसा धुवायचा, सुकवायचा आणि पावसाळ्यात कसा ठेवायचा (कोल्हापूरच्या हवेत)

वेडर (नदीत उतरायची वॉटरप्रूफ विजार) घेताना सगळे जण आठ-आठ दिवस व्हिडिओ बघतात, मापं काढतात, ह्याला त्याला विचारतात, आणि एकदा घेतला की नदीवरनं आल्यावर तो तसाच गोळा करून डिकीत नाहीतर बाथरूमच्या खिळ्याला. मग दोन सीझनमध्ये मोज्यापाशी ओल यायला लागली की कंपनीला शिव्या. ब्रीदेबल वेडर नीट सांभाळला तर लय वर्षं चालतो, पण आपल्याकडं त्याच्याकडं थंड देशातल्या लोकांपेक्षा जास्त लक्ष द्यायला लागतं. तिकडचे व्हिडिओवाले सांगतात आणा, टांगा, झालं, आणि आपल्याकडं जुलैत दोरीवरचा टॉवेल पण दोन दिवस ओला असतो. माझं तर स्पष्ट मत आहे की आपल्या भागात वेडर नदीतल्या दगडांनी जेवढे खराब होत नाहीत तेवढे जून ते सप्टेंबर कपाटात पडून होतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांनी अजून घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेडर म्हणजे छातीपर्यंत येणारी वॉटरप्रूफ विजार, खांद्याला पट्टे, कमरेला बेल्ट, खाली बहुतेक वेळा निओप्रीनचे (फोमसारख्या रबराचे) जाड मोजे शिवलेले असतात आणि त्यावर वेगळे वेडिंग बूट घालायचे. काहींना रबरी गमबूटच जोडलेले असतात. भोगावती, कुंभी, कासारीच्या पात्रात थंडीत पहाटे उतरून गळ टाकायचा असेल तर ह्याच्यासारखं सुख नाही. आणि हो, बेल्ट कायम आवळून बांधायचा, पूर आलेल्या पाण्यात वेडर घालून उतरायचं नाही, ह्यावर चर्चा नको.

आता ब्रीदेबल म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नियमांची यादी वाटेल. कापड साधारण तीन थरांचं असतं. बाहेर नायलॉन किंवा पॉलिस्टर, मधे एक अतिशय पातळ पापुद्रा, म्हणजे मेम्ब्रेन, आत मऊ जाळीदार अस्तर. मधलं मेम्ब्रेन पाण्याचा थेंब अडवतं पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतं. बाहेरच्या कापडावर कंपनीनं पाणी झटकणारं कोटिंग दिलेलं असतं, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात, त्याच्यामुळं पाणी मोत्यासारखं घरंगळतं. चिखल, घाम, अंगाचं तेल, सनस्क्रीन ह्यांनी ते कोटिंग झाकलं गेलं की बाहेरचं कापड पाणी प्यायला लागतं, मग वाफेला बाहेर जायला वाट राहत नाही आणि आत चिकचिक होते. लोकांना वाटतं वेडर लीक झाला. बऱ्याचदा लीक वगैरे काही नसतं, तो फक्त घाण झालेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे, आतनं सगळीकडं सारखी ओल असेल तर तो घाम, आणि एकाच जागी, म्हणजे गुडघ्याला किंवा दोन पायांच्या मधल्या शिलाईला, ठळक ओला डाग असेल तर भोक.

मेम्ब्रेन मुख्यतः दोन प्रकारची असतात, एक टेफ्लॉनच्या घराण्यातलं, ज्याला ई-पीटीएफई म्हणतात, गोअर-टेक्स बरीच वर्षं त्यातलंच होतं, आणि दुसरं पॉलियुरेथेन म्हणजे पीयू, स्वस्तातल्या बहुतेक वेडरना हेच असतं. हे सांगायचं कारण म्हणजे पीयूला ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की ते हळूहळू सडतं, चिकट होतं, मग पापुद्रे निघतात. जुन्या रेनकोटच्या आतनं पांढरी सालं निघतात बघा, तोच प्रकार. आणि मेम्ब्रेन कुठलंही असलं तरी शिलाईतनं पाणी येऊ नये म्हणून आतनं चिकटवलेल्या टेपचा गोंद बहुतेक पीयूचाच असतो, त्यामुळं महागडा घेतलाय म्हणजे सुटलो असं नाही. आपल्या जिल्ह्यात तर अजून मजा, गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि तिकडं शिरोळला पाचशेच्या आसपास. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या माणसाचं थोडं दुर्लक्ष झालं तरी चालून जातं, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या माणसाला अजिबात चालत नाही.

नदीवरच करायचं काम

बाहेर आल्या आल्या, वेडर अंगात असतानाच, गुडघाभर स्वच्छ पाण्यात उभं राहून हातानं चिखल काढा. मोज्याच्या वर बुटाला अडकवायचा जो पट्टा असतो त्याच्या आत वाळू साचते, तो उलटा करून धुवा. ती वाळू आत राहिली की प्रत्येक पावलाला निओप्रीन घासते आणि घोट्याच्या मागं पहिलं भोक तिथंच पडतं. वेडर काढताना दगडावर किंवा काटेरी गवतात उभं राहू नका, एक जुनं रबरी पायपुसणं किंवा पोत्याचा तुकडा गाडीत ठेवा आणि त्याच्यावर उभं राहून काढा. मोज्याला धरून ओढायचं नाही, टाचेपासनं सोलत खाली आणायचं.

मग एक गोष्ट जी आपल्याकडं कोणीच करत नाही. बुटाच्या लेसमध्ये, तळव्यात, पट्ट्याच्या घडीत काय अडकलंय ते बघून तिथंच काढून टाका. पंचगंगेच्या खालच्या अंगाला, इचलकरंजी-शिरोळ पट्ट्यात, जलपर्णी किती माजते ते सगळ्यांनी बघितलंय. तिच्या छोट्या तुकड्यातनं परत नवीन झाड होतं आणि बिया चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. आज खाली गळ टाकला आणि परवा तेच ओले बूट घालून वर धामणी-कुंभीच्या स्वच्छ पाण्यात उतरलो तर ही घाण आपणच वर नेऊन सोडली. न्यूझीलंडमध्ये २००४ ला डिडिमो नावाचं शेवाळ नदीत सापडलं, ते गळवाल्यांच्या बुटांच्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळव्यात ओल्यात जिवंत राहून एका नदीतनं दुसरीत जायचा धोका होता, म्हणून त्यांनी २००८ पासनं फेल्टचे तळवेच बंद केले. त्यांचा नियम असा की सामान आतनं बाहेरनं हाताला कोरडं लागल्यावर सुद्धा अजून ४८ तास तसंच कोरडं ठेवायचं आणि मगच दुसऱ्या पाण्यात उतरायचं. आपण पण एवढं पाळलं तर काही बिघडत नाही, आपल्या घाटातल्या ओढ्यांतले काही मासे जगात दुसरीकडं कुठंच नाहीत.

घरी नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. भोकं असलेली भाजीची क्रेट डिकीत ठेवा, त्यात वेडर आणि बूट सैल टाका आणि घरी पोचल्यावर लगेच बाहेर काढा. उन्हात लावलेल्या बंद गाडीत ओला वेडर म्हणजे ओल आणि उष्णता दोन्ही एकदम.

घरी आल्यावर, दर वेळी

साबण दर वेळी लागत नाही. नळाच्या साध्या पाण्यानं बाहेरनं धुवा, मोजे आतनं पण एकदा विसळा कारण घामाचं मीठ तिथंच बसतं. बोअरचं पाणी असेल तर शेवटची बादली पिण्याच्या नळाच्या पाण्याची घ्या, जड पाण्याचा पांढरा थर कापडावर बसतो. हाताला जखम असेल तर रबरी हातमोजे घाला, पात्रातल्या चिखलात उंदीर-गुरांची घाण असते आणि त्यातनं जखमेवाटं होणारा लेप्टो हा आजार काय असतो ते डॉक्टरला विचारा.

आता सुकवणं, आणि खरं सगळं इथंच आहे. आधी उलटा करायचा, म्हणजे आतलं अस्तर बाहेर. निओप्रीनचा मोजा उलटा करताना हात आत घालून बोटांच्या टोकाला चिमटीत धरा आणि सावकाश बाहेर ओढा, जिथं मोजा आणि कापड जोडलंय त्या शिलाईवर दुसऱ्या हातानं आधार द्या, तिथली टेप ताणली गेली की कडेनं उचलायला लागते. ही टेप अधूनमधून जवळनं बघत जा. चांगली असेल तर कापडाला सपाट चिकटलेली असते, बोटानं कडा जाणवत पण नाही. जाणवली, नखाला अडली, की समजायचं काम सुरू झालंय.

आतली बाजू पूर्ण वाळली की मग सुलटा करून बाहेरची वाळवायची. आधी बाहेरची वाळवली तर कापड हाताला कोरडं लागतं, आपण घडी घालून ठेवतो, आणि आत पोटरीपाशी आणि मोज्याच्या टोकाला ओल तशीच असते. मोजा सगळ्यात शेवटी वाळतो, कारण निओप्रीनवर आतनं कापड असतं आणि ते पाणी धरून ठेवतं. मोज्यात पुढारी-सकाळचे जुने पेपर चुरगाळून कोंबा, दोन तासांनी बदला, आणि पंखा थेट मोज्यावर मारा. टांगायला बारीक तार नको, तारेची घडी पडते आणि घडीच्या रेषेवरच पुढं मेम्ब्रेन चिरतं. जाड पीव्हीसी पाइप किंवा जिन्याचा गोल कठडा चांगला, त्यावर कमरेपाशी आडवा टाका. गमबूटवाला असेल तर बूट वर, वेडर खाली असा उलटा टांगायचा.

ऊन नको. गच्चीवर कडक ऊन असतं, मोह होतो, पण उन्हानं निओप्रीन कडक पडतं आणि कापडाचा दम जातो. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ चालेल, ते पण मी शक्यतो टाळतो. बंबाजवळ, गॅसजवळ, हेअर ड्रायरनं, हे सगळं बंद. पावसाळ्यात कधी वापरायची वेळ आलीच तर ज्या खोलीत घरातले ओले कपडे वाळत घातलेत त्याच खोलीत वेडर टांगू नका, तिथली हवा आधीच ओलीनं भरलेली असते. वेगळी खोली, पंखा रात्रभर, एसी असेल तर ड्राय मोडवर.

साबणानं धुवायचा कधी आणि कसा

वास यायला लागला, किंवा बाहेरच्या कापडावर पाणी टाकलं की थेंब घरंगळायच्या ऐवजी पसरून कापड गडद होतंय, की धुवायची वेळ झाली. सीझनमध्ये नियमित जाणाऱ्यानं महिन्यातनं एकदा धुतला तर उत्तम. आधी लेबल वाचा, कंपनीकंपनीचं वेगळं असतं, आणि शंका असेल तर हातानंच धुवा.

खिसे रिकामे करा, गळ, शिसं, चॉकलेटचे कागद सगळं. बेल्ट काढा. छातीला वॉटरप्रूफ चेन असेल तर बंद करा. मोठा टब घ्या, लहान पोरांना अंघोळ घालतात तो किंवा लग्नकार्यात भांडी घासायला वापरतात तो, साधं किंवा किंचित कोमट पाणी, तीस डिग्रीच्या वर नको. साबण टेक वॉशवाला, म्हणजे वॉटरप्रूफ कपड्यांसाठीचा, मिळाला तर तो, ऑनलाइन मिळतो. नसेल तर वासाचा आणि कंडिशनरचा अंश नसलेला सौम्य लिक्विड डिटर्जंट, तो पण अगदी थोडा. कपड्यांना मऊपणा आणणारं ते सुगंधी लिक्विड ह्याच्या आसपास पण येऊ देऊ नका, त्याचा थर कापडावर बसतो आणि डीडब्ल्यूआर कामातनं जातं. ब्लीच नाही, सोडा नाही, घासायला तारेचा ब्रश नाही.

पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मग हातानं दाबत फिरवा. गुडघे, बूड आणि छातीचा वरचा काठ, जिथं सनस्क्रीन आणि घाम लागतो, तिथं मऊ ब्रशनं हलकं घासा. दगडावर आपटणं आणि पिळणं पूर्ण बंद, आपल्या घरात कोणी मदतीला आलं तर हे आधी सांगून ठेवा कारण धुणं म्हटलं की हात आपोआप पिळायला जातो. मग विसळा, आणि विसळणं धुण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं, फेस दिसायचा बंद झाला की अजून एक पाणी. साबण राहिला तर तो पाणी ओढून घेतो आणि धुऊन उलट वाईट होतं. पिळायचं नाही तर पाणी जाणार कसं, तर पाइपवर टाकून अर्धा तास निथळू द्या, मग जुन्या सुती साडीत किंवा टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा.

वॉशिंग मशीनबद्दल खूप जण विचारतात. टॉप लोडमध्ये नाहीच. मधला फिरणारा दांडा मोजे आणि पट्टे पिरगाळतो, आणि स्पिनला लावलं की वॉटरप्रूफ कापडात पाणी फुग्यासारखं अडकतं, ते बाहेर पडत नाही, ड्रमचा तोल जातो आणि मशीन जागची हलते. आमच्या ग्रुपातल्या एकाच्या घरी असंच झालं, वहिनींनी बाकीच्या कपड्यांबरोबर लावला, वेडरची टेप गेली ती गेली, मशीनला पण दुरुस्ती लागली.

धुतल्यावर पाणी परत थेंबासारखं घरंगळायला लागलं तर झालं काम. नसेल तर डीडब्ल्यूआरचा स्प्रे मारायचा, आणि तो कायम धुतलेल्या वेडरवरच, मळक्या कापडावर मारला तर मळच वॉटरप्रूफ होतो. बहुतेक स्प्रे ओलसर कापडावर मारायचे असतात, बाटलीवर वाचा. एक हात अंतरावरनं सारखा मारा, दोनेक मिनिटं थांबा, जास्तीचं ओल्या फडक्यानं पुसा. निओप्रीनवर मारायची गरज नाही. काही लोक जॅकेटला इस्त्री करतात तसं इथं करू नका, टेप आणि निओप्रीन दोन्हीला धोका आहे.

भोक शोधणं

आधी अंधाऱ्या खोलीत टॉर्च आत घालून फिरवा, मोठं भोक चमकतं. बारीक सापडत नसेल आणि वेडर गोअर-टेक्सचा असेल तर उलटा करून आतनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारा, मेडिकलमध्ये रबिंग अल्कोहोल म्हणून मागा. जिथं भोक असतं तिथं गडद ठिपका उमटतो, अगदी सुईच्या टोकाएवढा, लगेच पेनानं गोल करा कारण वाळलं की दिसत नाही. खिडक्या उघड्या ठेवून करा, आसपास गॅस, उदबत्ती काही नको. पीयूवाल्याला ही युक्ती भरवशाची नाही, त्याला सुलटाच ठेवून वरनं तोंड गुंडाळून आत हवा कोंडा आणि बाहेरनं साबणाचं पाणी लावा, बुडबुडा येईल तिथं भोक.

चिकटवायला वेडर किंवा वेटसूटसाठीचा युरेथेन गोंद घ्या. भोकाभोवती रुपयाएवढी जागा अल्कोहोलनं पुसून कोरडी करा, पातळ थर लावा, रात्रभर सपाट ठेवा, चोवीस तास दिले तर अजून चांगलं. फेविक्विक नको, ते काचेसारखं कडक होतं आणि गुडघा वाकला की तडकतं. आणि शिवायचं तर अजिबात नाही. आपल्याकडं चामड्याच्या कामात हात धरणारा कोणी नाही, त्यामुळं माणूस पहिला चप्पलवाल्या काकांकडं जातो, आणि ते पण प्रेमानं म्हणतात, "आण की रं, दोन टाके मारून देतो, पाच वर्षं बघायला नको." चप्पल, पिशवी, बेल्ट सगळं त्यांच्याकडं द्या, वेडर देऊ नका. एका भोकाच्या जागी सुईची वीस भोकं होतात.

बूट

आतला पॅड काढून वेगळा सुकवा, लेस पूर्ण सैल करा, तळवा ब्रशनं साफ करा. फेल्टचा तळवा असेल तर तो वाळायला बुटापेक्षा जास्त वेळ घेतो. तळव्याला खिळे असतील तर गंज बघा. बूट वेडरच्या आत किंवा वर ठेवायचे नाहीत, बस.

पावसाळ्यासाठी ठेवताना

मे संपायच्या आत, वळिवाचे दिवस टाळून, एकदा साबणानं पूर्ण धुऊन घ्या. मळका वेडर ठेवला तर बुरशीला खायला मळ आणि घाम आयताच मिळतो. मे महिन्यात वाळवणं सोपं असतं, तेच काम १५ जूनला काढलं तर चार दिवस जातात. वाळला असं वाटल्यावर अजून दोन दिवस पंख्याखाली राहू द्या आणि मोज्याच्या टोकात हात घालून तपासा.

मग रुंद खांद्याच्या हँगरला टांगा, जागा नसेल तर सैल गुंडाळी करा, जुन्या सुती चादरीची पिशवी शिवून त्यात ठेवा. घट्ट घडी नको, वर गाद्या-गोधड्यांचं वजन नको, प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच. जागा कुठली तर घरातलं आतल्या भिंतीचं कपाट. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला लागून नको, आणि पत्र्याखालचा माळा पण नको, मे आणि ऑक्टोबरमध्ये तिथं भट्टी असते. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतात. त्याऐवजी सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या, केशरी रंगाच्या घ्या, हिरव्या झाल्या की दाणे जुन्या कढईत मंद आचेवर परत केशरी होईपर्यंत गरम करायचे, ती कढई परत स्वयंपाकाला घ्यायची नाही. उंदरांचं पण बघा, घामाच्या मिठासाठी ते येतात आणि पट्टे कुरतडतात.

आणि कपाट बंद करून चार महिने विसरायचं नाही. पंधरा दिवसांनी उघडीप मिळाली की वेडर बाहेर काढा, दिवसभर पंख्याखाली टांगा, गुंडाळी केली असेल तर उलट्या बाजूनं करा म्हणजे त्याच त्याच जागी घडी पडत नाही. काळे-पांढरे ठिपके दिसले तर समान प्रमाणात पांढरा व्हिनेगर आणि पाणी घेऊन मऊ फडक्यानं पुसा, साध्या पाण्यानं विसळा आणि परत पूर्ण वाळवा.

ऑक्टोबरात बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकायला सुरुवात होते, तेव्हा पहिल्यांदा बाहेर पडायच्या आधी घरीच अंगात घालून बघा. दोन-चार वेळा खाली बसा, पट्ट्यांचं इलॅस्टिक ओढून सोडा, बेल्टचं बकल लावून ओढा, चेनला तिच्यासाठीचं वंगण लावा. टेपची कडा नखाला अडते का ते सगळ्या शिलाया फिरून बघा आणि अडत असेल तर तिथं युरेथेन गोंदाचा पातळ हात देऊन मगच नदीवर जा.